धारवाडचे जी. ए. आणि परत गेलेला पुरस्कार

मराठी वाचक ज्यांना नुसते जी. ए. म्हणून ओळखतात, ते गुरुनाथ आबाजी कुलकर्णी आपल्याच जिल्ह्यातले. त्यांचा जन्म १० जुलै १९२३ रोजी चिकोडी तालुक्यातील एकसंबा येथे झाला. आई-वडिलांचे छत्र लवकर हरपले. शिक्षण बेळगावात झाले आणि पुढची सुमारे तीस वर्षे त्यांनी धारवाडच्या जे.एस.एस. महाविद्यालयात इंग्रजी शिकवण्यात घालवली. घरी मावसबहिणी आणि पुस्तके, असा त्यांचा संसार. रेल्वेने बेळगावहून धारवाडला निघाले की खानापूर, लोंढा, अळणावर लागते. तो सारा टापू त्यांच्या पायाखालचा होता.

जी. ए. जन्मले तेव्हा बेळगाव आणि धारवाड हे दोन्ही जिल्हे मुंबई इलाख्यात होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली आणि ते म्हैसूर राज्यात गेले. आपल्या खानापूरचेही तेच झाले. जी. एं.नी गाव सोडले नव्हते, नोकरी बदलली नव्हती. तरी कागदोपत्री ते महाराष्ट्राबाहेरचे मराठी लेखक ठरले. त्यांची मोठी पुस्तके सगळी त्यानंतरची आहेत. १९५९ मध्ये 'निळासावळा' आले, मग 'पारवा', 'हिरवे रावे', 'रक्तचंदन' आणि १९७२ मध्ये 'काजळमाया'. नंतर 'सांजशकुन', 'रमलखुणा' आणि 'पिंगळावेळ'. अमेरिकन लेखक कॉनरॅड रिक्टर यांच्या कादंबऱ्याही त्यांनी मराठीत आणल्या. त्यांच्या कथांतली माणसे, घरे आणि बोलणे आपल्या भागातले आहे. मराठी वाक्याला मध्येच कानडी वळण मिळते, ते आपल्याला समजावून सांगावे लागत नाही.

स्वभावाने ते एकांतप्रिय. सभा-संमेलने, सत्कार, मुलाखती यांपासून ते दूर राहत. माणसांशी त्यांचा संबंध मुख्यतः पत्रांतून. ती पत्रे पुढे पुस्तकरूपाने निघाली आणि कथांइतक्याच आवडीने वाचली गेली.

१९७३ साली 'काजळमाया'ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. अकादमी पुरस्कार भाषेनुसार देते, राज्यानुसार देत नाही. त्यामुळे लेखक धारवाडला राहतो की पुण्याला, हा प्रश्नच आला नाही. परंतु दुसराच प्रश्न निघाला. ठरलेल्या मुदतीत प्रसिद्ध झालेलीच पुस्तके या पुरस्कारासाठी विचारात घेतात. 'काजळमाया' त्या मुदतीत बसते की नाही, यावरून प्रकाशनाच्या तारखेचा वाद झाला. पुस्तकाच्या योग्यतेबद्दल तक्रार नव्हती, तक्रार तारखेची होती. जी. एं.नी पुरस्कार परत केला.

आम्ही आयुष्य बँकेत काढले, म्हणून आम्हांला ही गोष्ट विशेष वाटते. खात्यात पैसे भरपूर असले तरी तारीख चुकलेला धनादेश वटत नाही, आणि खातेदार ओळखीचा आहे म्हणून तो वटवायचाही नसतो. आपल्या पुस्तकासाठी नियमाला मुरड घातली गेली, अशी शंकासुद्धा जी. एं.ना नको होती. त्या पुरस्काराने त्यांचे नाव देशभर पोहोचले असते. त्यांनी तो सोडला, आणि 'काजळमाया' वाचायचे कोणी सोडले नाही.

त्याच १९७३ सालचा ज्ञानपीठ पुरस्कार द. रा. बेंद्रे यांना मिळाला, ओडिया लेखक गोपीनाथ महांती यांच्यासह. बेंद्रेही धारवाडचे. घरची भाषा मराठी, पण कविता कानडीत. १९४४ ते १९५६ ते सोलापूरच्या डी.ए.व्ही. महाविद्यालयात कानडी शिकवत होते. एका गावात एक जण मराठीचा मोठा लेखक, दुसरा कानडीचा मोठा कवी. दोघांच्याही बाबतीत पुरस्कार देणाऱ्यांनी भाषा पाहिली, राहण्याचे ठिकाण पाहिले नाही. सीमाभागातल्या माणसाला याचे मोल जास्त कळते.

आता प्रश्न आपल्या पुढच्या पिढीचा आहे. खानापूर, बेळगाव, निपाणीच्या कितीतरी घरांतली मुले परदेशी स्थायिक झाली आहेत. आपल्या कायद्यात दुहेरी नागरिकत्व नाही, त्यामुळे तिकडचे नागरिकत्व घेतले की इथले सुटते. साहित्य अकादमीच्या पुरस्कारासाठी लेखक भारतीय नागरिक असावा लागतो. म्हणजे उद्या त्यांच्यापैकी कोणी उत्तम मराठी कादंबरी लिहिली, तरी ती या पुरस्काराच्या बाहेरच राहील. काहींचे म्हणणे असे की पैसा सरकारी आहे, तेव्हा मान नागरिकालाच मिळावा. हे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. तरीही पुरस्कार भाषेच्या नावाने द्यायचा असेल, तर पारपत्राचा रंग पाहून पुस्तक बाजूला ठेवणे आम्हांला पटत नाही. १९५६ साली रेषा आपल्या दारावरून सरकली, भाषा सरकली नाही, हे आपण अनुभवले आहे.

मात्र एखाद्या नामवंतासाठी गुपचूप सवलत देणे हा उपाय नव्हे. तसे केले तर शंका त्या लेखकालाच आयुष्यभर चिकटते. नियम बदलायचा तर आधी, उघडपणे आणि सर्वांसाठी बदलावा. इंग्लंडच्या बुकर पुरस्काराने २०१४ पासून राष्ट्रीयत्वाची अट काढली. अमेरिकेच्या पुलित्झरनेही २०२३ मध्ये जाहीर केले की २०२५ च्या पुरस्कारांपासून पुस्तकांसाठी नागरिकत्वाची अट सैल होईल आणि तिथे कायम वास्तव्य असलेले लेखकही पात्र ठरतील. दोन्हीकडे आधी नियम बदलला, मग पुस्तके मागवली. आपल्या लहानमोठ्या संस्थाही स्पर्धा घेतात. त्यांनी आपल्या नियमावलीत मराठीत लिहिणारा कोणीही, कुठेही राहणारा, अशी एक ओळ घालायला हरकत नाही. त्याला दिल्लीची परवानगी लागत नाही.

जी. ए. शेवटच्या काळात पुण्याला गेले आणि ११ डिसेंबर १९८७ रोजी तिथेच वारले. त्यांची आणखी काही पुस्तके त्यांच्यामागे निघाली. २००० साली अमोल पालेकरांनी त्यांच्या 'कैरी' या कथेवर चित्रपट काढला. ज्या घरांत अजून जी. ए. वाचले गेले नसतील, तिथे या सुट्टीत मुलांच्या हाती 'काजळमाया' द्यावी, आणि परदेशी असलेल्यांना एक प्रत पाठवावी.