फाळक्यांचा छापखाना

आपल्या भागाशी नातं असलेल्या एखाद्या थोर व्यक्तीचं चरित्र थोडक्यात लिहा, असा स्मरणिका समितीचा निरोप आला. हुतात्मा भाई कोतवालांवर माझ्याहून चांगलं लिहिणारे आपल्या बॅचमध्ये आहेत, म्हणून मी दादासाहेब फाळके निवडले. ते आपल्याकडचे कुठले, असं काही जण म्हणतील. खरं आहे, जन्म त्र्यंबकेश्वरचा, ३० एप्रिल १८७०. पण त्यांच्या आयुष्यातली दोन महत्त्वाची ठिकाणं आपल्या दोन बाजूंना आहेत. बोरघाट चढून गेलं की लोणावळा, आणि नेरळ-शेलूच्या पुढे वांगणी. लोणावळ्याहून आगगाडीने मुंबईला जायचं तर वाट कर्जतवरूनच, तेव्हाही आणि आताही.

शाळेत आपण फाळके एका ओळीत शिकलो: भारतीय चित्रपटाचे जनक, ‘राजा हरिश्चंद्र’, १९१३. प्रश्नपत्रिकेत एक गुण. त्या वेळी ते त्रेचाळीस वर्षांचे होते, म्हणजे साधारण आज आपण आहोत तेवढे, हे कुणी सांगितलं नव्हतं. त्याआधीची वीसेक वर्षं हा माणूस रंग, रसायनं आणि शाईत हात घालून काम करत होता. माझ्या मते त्यांचं खरं शिक्षण तेच.

वडील संस्कृतचे पंडित. त्यांना मुंबईत विल्सन कॉलेजात नोकरी मिळाली आणि कुटुंब मुंबईला आलं. धुंडिराज १८८५ मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले, पुढे बडोद्याच्या कलाभवनात गेले. तिथे चित्रकला, मूर्तिकाम, वास्तुकला आणि फोटोग्राफी असं मिळेल ते शिकले. तीनरंगी ब्लॉक बनवण्याचं तंत्र शिकायला रतलामला गेले. नंतर गोध्र्याला फोटो स्टुडिओ काढला. तिथेच प्लेगमध्ये पत्नी आणि मूल गेलं. मग नाटकांचे पडदे रंगवले, जादूचे प्रयोगही केले. जादूगार म्हणून नाव घेतलं प्रोफेसर केळफा, म्हणजे ‘फाळके’ उलटं! १९०३ पासून पुरातत्त्व खात्यात ड्राफ्ट्समन आणि फोटोग्राफरची सरकारी नोकरी केली. स्वदेशीच्या वाऱ्यात तीही सोडली आणि लोणावळ्याला भागीदारीत ‘फाळके एन्ग्रेव्हिंग अँड प्रिंटिंग वर्क्स’ सुरू केलं.

लोणावळाच का? जवळच मळवलीला राजा रविवर्म्यांनी काढलेला प्रेस होता. आपल्या आजीच्या देवघरातल्या लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरी आठवा. फाळके या प्रेससाठी फोटो-लिथो ट्रान्सफर करून देत. जिलेटिनमध्ये रसायन घालून कागदावर लेप द्यायचा आणि निगेटिव्हखाली तो उजेडात धरायचा. जिथे उजेड लागला तिथला लेप घट्ट होतो आणि तेवढाच शाई धरतो. मग कागद दगडावर दाबून चित्र दगडावर उतरवायचं आणि दगडावरून छापायचं. पुढे हाफटोनचे ब्लॉकही ते करू लागले. त्यात जाळीतून फोटो घेऊन चित्राचे बारीक ठिपके करतात. मी रोज पिक्सेल मोजून पोट भरते, त्यामुळे हाफटोन मला या धंद्यातल्या आजोबांसारखा वाटतो. रंगीत छपाईत तर तीन ठसे केसभरही न हलता एकावर एक बसावे लागतात. उजेड किती वेळ द्यायचा, रसायन किती घालायचं, हे फाळक्यांच्या बोटांत बसलं ते इथे.

काम वाढलं, छापखाना दादरला आला. नवे भागीदार पुरुषोत्तम मावजी, नवं नाव लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स. १९०९ मध्ये फाळके रंगीत छपाईची यंत्रं आणायला जर्मनीला जाऊन आले. धंदा जोरात असतानाच भागीदारांशी पटेनासं झालं, आणि ते बाहेर पडले. हिश्शाचा पैसाही घेतला नाही. पदरात मुलं, आणि दुसऱ्या छापखान्यांत जायलाही नकार. हा बाणेदारपणा की हट्ट? मला दोन्ही वाटतं, आणि त्याची किंमत घरातल्या बाईने मोजली.

त्या रिकाम्या दिवसांत गिरगावातल्या अमेरिका इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला आणि झपाटले. रात्रंदिवस प्रयोग करून डोळे गेले. डॉ. प्रभाकर यांच्या उपचारांनी दृष्टी परत आली. विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून १९१२ च्या फेब्रुवारीत ते लंडनला गेले आणि विल्यमसन कॅमेरा घेऊन आले. परतल्यावर पहिलं चित्रण राजाचं नव्हे, कुंडीतल्या वाटाण्याचं. महिनाभराहून जास्त रोज थोडं थोडं चित्रण करून, बी रुजून वेल वर चढतो हे मिनिटभरात दाखवलं. ते पाहून भांडवल देणारा मिळाला, पण सरस्वतीबाईंचे दागिने गहाण गेलेच. कोऱ्या फिल्मला तेव्हा कडेची भोकंही नसत. ती अंधारात पाडायचं काम सरस्वतीबाई करत, शिवाय सगळ्या मंडळींचा स्वयंपाक. एका ओळीच्या त्या धड्यात त्या नव्हत्या.

मग वांगणी. दादरच्या बंगल्यात सेट उभे होते, पण बाहेरचे प्रसंग उघड्या रानातच घ्यायचे होते. मंडळी पुढे आली, फाळके मागून येणार होते. देवळात मुक्काम. संध्याकाळी नट तोंडं रंगवून ढाल-तलवारींचा सराव करू लागले. गावकऱ्यांनी पाहिलं आणि पाटलाला, फौजदाराला वर्दी दिली: दरोडेखोर आलेत! मंडळी सिनेमाचं सांगत होती, पण तो कुणी ऐकलेला होता? ट्रंका फोडल्या तर आत हरिश्चंद्र-तारामतीचे दागिने. सगळे अटकेत. खबर लागताच फाळके धावत आले. त्यांनी फौजदारासमोर कॅमेरा मांडला आणि फिल्म न घालताच एक प्रसंग करून दाखवला. मंडळी सुटली. आज चौकजवळ एनडी स्टुडिओत राजवाडे बघायची सवय झालेल्या आपल्याला हसू येईल, पण वांगणीकरांचं काही चुकलं नाही. रात्री देवळात तलवारी दिसल्या तर कोणीही हेच केलं असतं.

३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ कॉरोनेशन थिएटरात लागला. त्यानंतर फाळके नाशिकला गेले. ‘लंकादहन’सारखे गाजलेले चित्रपट त्यांनी केलेच, पण वेरूळची लेणी, सिंहस्थ पर्वणी असं बाहेर फिरून टिपलेलंही पुष्कळ. भांडवलदारांबरोबर हिंदुस्थान फिल्म्स कंपनी काढली, तिथेही बिनसलं, सोडून काशीला गेले, पुन्हा परत आले. शेवटचा चित्रपट ‘गंगावतरण’, १९३७. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकमध्ये त्यांचं निधन झालं, तेव्हा हाताशी पैसा फारसा नव्हता. त्यांच्या नावाचा पुरस्कार सरकारने १९६९ पासून सुरू केला.