दादासाहेब गायकवाड : पडीक जमिनीचा प्रश्न देशापुढे नेणारा कर्मवीर

जयंती-स्मृतिदिनाला कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या फोटोला हार घातला जातो, काळाराम मंदिर सत्याग्रहाचा उल्लेख होतो आणि विषय संपतो. तरुण कार्यकर्त्यांनी त्यांच्या आयुष्याचा उत्तरार्ध अधिक बारकाईने वाचायला हवा, असे मला वाटते.

भाऊराव कृष्णाजी गायकवाड यांचा जन्म १५ ऑक्टोबर १९०२ रोजी नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी तालुक्यात आंबे या गावी झाला. शिक्षण बेताचेच, पण माणसे जोडण्याची आणि हिशोब चोख ठेवण्याची हातोटी मोठी. २ मार्च १९३० रोजी नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. बाबासाहेब त्याचे नेते होते आणि रोजचा गाडा भाऊराव ओढत होते. सत्याग्रही कोण कुठल्या दरवाजावर बसणार, तुरुंगात गेलेल्यांच्या घरी काय चालले आहे, पैसे कुठून आणायचे, हे सगळे त्यांच्याकडे. रामनवमीच्या रथाच्या दिवशी दगडफेक झाली, गावोगावी बहिष्कार पडला, तरी सत्याग्रह काही वर्षे टिकला.

मार्च १९३४ मध्ये बाबासाहेबांनी भाऊरावांना पत्र लिहून आपले मत कळवले. मंदिरप्रवेशाने प्रश्न सुटणार नाही, समाजाची शक्ती शिक्षण आणि राजकारणाकडे वळवावी, असा त्याचा आशय होता. एवढी वर्षे ज्यात घातली, तो लढा सोडून देणे सोपे नसते. भाऊरावांनी ते स्वीकारले. पुढे १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्याला धर्मांतराची घोषणा झाली, ती त्यांच्याच जिल्ह्यात.

१९३७ ला ते मुंबई विधिमंडळात निवडून गेले. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ मध्ये नाशिकमधून लोकसभेवर गेले. त्याच वर्षी रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला. यानंतरचे त्यांचे काम मला सर्वात महत्त्वाचे वाटते.

धम्मदीक्षेनंतर खेड्यातल्या आपल्या माणसांनी मेलेली ढोरे ओढणे, गावकीची कामे करणे सोडले. स्वाभिमान मिळाला, पण त्याबरोबर गावातले बलुतेही गेले. मग चूल कशावर पेटणार? दादासाहेबांनी हा प्रश्न नेमका पकडला. त्यांनी मागितली ती सरकारी पडीक जमीन, वनखात्याकडची लागवडीयोग्य जमीन. कुणा शेतकऱ्याच्या बांधावर ते गेले नाहीत. त्यामुळे गावात सवर्ण आणि बौद्ध असा सरळ झगडा न पेटता प्रश्न सरकारच्या दारात जाऊन उभा राहिला. शिवाय मागणी सर्व भूमिहीनांसाठी होती, एका जातीपुरती नव्हती. १९५९ मध्ये खानदेश, नाशिक, मराठवाडा या भागांत हजारो लोक तुरुंगात गेले.

याच सुमारास पक्षात फूट पडली. वकिलीची पदवी असलेल्या काही नेत्यांना हा मार्ग कम्युनिस्टांचा वाटला. बाबासाहेबांचा मार्ग घटनेचा, सत्याग्रहाचा नव्हे, असे त्यांचे म्हणणे होते. धोतर नेसणाऱ्या खेडवळ नेत्याला घटना काय कळणार, असा टोमणाही होता. (आजच्या आपल्या बैठकांतही हा सूर अधूनमधून ऐकू येतोच.) गंमत अशी की मागण्या कायदेशीर चौकटीतच होत्या.

६ डिसेंबर १९६४ पासून देशव्यापी सत्याग्रह झाला. लाखो लोकांनी अटक करून घेतली. त्यात स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या, शांताबाई दाणी यांच्यासारख्या कार्यकर्त्या पुढे होत्या. मागण्यांची यादी वाचली की दादासाहेबांची दृष्टी कळते : कसेल त्याला जमीन, पडीक जमीन भूमिहीनांना, धान्याच्या भावावर नियंत्रण, झोपडपट्टीवासीयांची सोय, १९४८ च्या किमान वेतन कायद्याची अंमलबजावणी, बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती आणि संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचे तैलचित्र. पोटाचा आणि सन्मानाचा प्रश्न एकाच निवेदनात. पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या सरकारला दखल घ्यावी लागली. तैलचित्र आणि बौद्धांच्या केंद्रीय सवलती मात्र १९९० ला आल्या.

पुढे त्यांनी काँग्रेसशी समझोता केला. त्याने पक्ष आणखी फुटला आणि कार्यकर्ते सत्तेच्या तुकड्यांची वाट पाहू लागले. दादासाहेबांवर प्रेम असणाऱ्यांनीही हे मान्य करावे. जमिनीच्या लढ्यातून जी ताकद उभी राहिली होती, ती या व्यवहारात विरघळली.

२९ डिसेंबर १९७१ रोजी त्यांचे निधन झाले. आज त्यांच्या नावाने राज्य सरकारची सबळीकरण व स्वाभिमान योजना आहे. तिच्यात अनुसूचित जाती व नवबौद्ध भूमिहीन कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन देण्याची तरतूद आहे. १४ एप्रिल १९९० पूर्वीची गायरानावरील अतिक्रमणे नियमित करण्याचा शासन निर्णयही १९९१ चा. आपल्या तालुक्यात या दोन्हींखाली किती जणांची नावे सातबाऱ्यावर चढली, हे तहसील कार्यालयात माहितीचा अर्ज टाकून विचारता येते.