विश्लेषण : कोडाचे डाग नेमके दाखवणारा ‘वूड्स लॅम्प’... कोण होते रॉबर्ट वूड?

कोड म्हणजेच व्हिटिलिगोवर उपचार सुरू असताना रुग्णाचा प्रश्न एकच असतो : डाग वाढला की कमी झाला? गोऱ्या त्वचेवर तर डागाची कड नुसत्या डोळ्यांना नीट दिसतही नाही. अशा वेळी त्वचारोगतज्ज्ञ खोलीत अंधार करून जांभळट उजेडाचा एक दिवा लावतात. त्याला नाव आहे रॉबर्ट वूड यांचे. ते डॉक्टर नव्हते, भौतिकशास्त्रज्ञ होते.

कोण होते वूड?

रॉबर्ट विल्यम्स वूड यांचा जन्म २ मे १८६८ रोजी अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधील कॉन्कॉर्ड येथे झाला. हार्वर्डमध्ये ते रसायनशास्त्र शिकले. १९०१ पासून बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात ते प्राध्यापक होते. प्रकाश हा त्यांचा आयुष्यभराचा विषय.

एन-किरणांचे प्रकरण काय?

१९०३ मध्ये फ्रान्सचे रेने ब्लोंद्लो यांनी ‘एन-किरण’ सापडल्याचे जाहीर केले. पुरावा एवढाच, की अंधारात अंधुक उजेड किंचित वाढल्यासारखा दिसे. १९०४ मध्ये वूड त्यांच्या नान्सी येथील प्रयोगशाळेत गेले आणि अंधारात उपकरणातील प्रिझम गुपचूप काढून घेतला. तरीही मापे पूर्वीसारखीच सांगितली गेली! वूड यांनी हे ‘नेचर’मध्ये लिहिले आणि एन-किरण इतिहासजमा झाले. माणसाला जे हवे असते, ते त्याचे डोळे पाहतात, हा यातला धडा.

दिवा कसा आला?

वूड यांनी निकेल ऑक्साइड मिसळलेली गडद काच बनवली. ती दिसणारा प्रकाश अडवते, अतिनील किरण जाऊ देते. पहिल्या महायुद्धात गुप्त संकेतांसाठी त्यांनी अशा अदृश्य प्रकाशावर काम केले. चंद्राची अतिनील छायाचित्रेही त्यांनी काढली. १९२५ मध्ये फ्रान्समधील डॉक्टरांनी याच प्रकाशात केसांतील बुरशी ओळखली आणि दिवा दवाखान्यात आला.

डाग मोजतात कसा?

त्वचेतील मेलॅनिन अतिनील किरण शोषून घेते. कोडाच्या जागी ते नसल्याने किरण आतल्या कोलॅजनपर्यंत पोहोचतात आणि डाग निळसर-पांढरा चमकतो. ढोबळ मापासाठी रुग्णाचा बोटांसह तळहात म्हणजे शरीराच्या त्वचेचा सुमारे १ टक्का धरतात. अधिक अचूक मापासाठी डागाशेजारी पट्टी ठेवून, दर वेळी तेच अंतर आणि तोच प्रकाश राखून फोटो काढतात. मग सॉफ्टवेअर डागातील पिक्सेल मोजून क्षेत्रफळ सांगते. त्यामुळे सुधारणा डॉक्टर किंवा रुग्णाच्या नुसत्या अंदाजावर ठरत नाही.

मर्यादा काय?

गुडघा, बोटे अशा गोलसर भागांचा सपाट फोटो माप चुकवतो. तिथे त्रिमितीय कॅमेरे उपयोगी पडतात. मलम, साबणाचे अंश आणि कपड्याचे धागेही चमकतात, म्हणून तपासणीआधी त्वचा स्वच्छ हवी. निदान मात्र डॉक्टरांनीच करायचे.

वूड यांचे ११ ऑगस्ट १९५५ रोजी निधन झाले. दिवा डाग दाखवतो, समज-गैरसमज नाही. म्हणून हे लक्षात ठेवा : कोड स्पर्शाने पसरत नाही आणि तो कुष्ठरोग नाही.