विश्लेषण : प्लेगच्या लशीमागची प्रयोगशाळा… कोण होते हाफकिन?

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी परिसरात जीबीएसचे रुग्ण अचानक वाढले. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू आणि नोरोव्हायरस असल्याचे राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेच्या (एनआयव्ही) तपासणीत समोर आले आणि पिण्याच्या पाण्याबद्दलच्या संशयाला आधार मिळाला. १८९७ मध्ये याच शहरात प्लेग पसरला, तेव्हा नमुने पाठवायला असे ठिकाण शहरात नव्हते. ते काम मुंबईत, एका खोलीत सुरू झाले होते. करणाऱ्याचे नाव वाल्डेमार हाफकिन.

हाफकिन भारतात कसे आले?

१५ मार्च १८६० रोजी ओडेसा येथे ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. ज्यू असल्याने रशियात अध्यापनाची वाट बंद होती. ते पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये आले, पण तिथेही सुरुवातीला ग्रंथालयातील साहाय्यकाचीच जागा मिळाली. फावल्या वेळात केलेल्या संशोधनातून त्यांनी पटकीची लस तयार केली आणि १८९२ मध्ये ती आधी स्वतःला टोचून घेतली. पुढच्याच वर्षी ते कोलकात्यात दाखल झाले.

प्लेगची लस कशी बनली?

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. ऑक्टोबरमध्ये हाफकिन यांना मुंबईला पाठवण्यात आले. ग्रँट मेडिकल कॉलेजमधील एक खोली आणि व्हरांडा, एक कारकून, तीन शिपाई एवढाच संसार. त्यांची पद्धत आज वाचतानाही गंमत वाटते. मांसरसाच्या बाटलीत तुपाचे थेंब तरंगत ठेवायचे. जिवाणू त्या थेंबांना धरून खाली लोंबत वाढतात. बाटली हलवून ते तळाला पाडायचे, की वर पुन्हा नवी वाढ सुरू. काही आठवड्यांनी उष्णतेने जिवाणू मारले की लस तयार.

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ती स्वतःला टोचली. ताप आला, काम थांबले नाही. महिनाअखेरीस भायखळा तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना लस देण्यात आली. लस न घेतलेल्यांपैकी १२ जणांना प्लेग झाला, त्यातील सहा दगावले. लस घेतलेल्यांत दोघेच आजारी पडले आणि दोघेही वाचले.

पुण्यात तेव्हा काय चालले होते?

खरे तर प्रयोगशाळा पुण्याला नवी नव्हती. जनावरांच्या रोगांसाठीची इम्पीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी १८८९ मध्ये इथल्याच कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या सीओईपीत, सुरू झाली होती. ती १८९३ मध्ये मुक्तेश्वरला हलवण्यात आली. प्लेग आला तेव्हा सरकारच्या हाती उरला नवा साथरोग कायदा. प्लेग कमिशनर रँड यांच्या देखरेखीखाली गोरे सैनिक घराघरांत शिरू लागले. रुग्णांची सेवा करताना लागण होऊन १० मार्चला सावित्रीबाई फुले यांचे निधन झाले. २२ जूनला चापेकर बंधूंनी गणेशखिंड रस्त्यावर रँडवर गोळ्या झाडल्या. त्याच वर्षी खडकीच्या लष्करी छावणीत हाफकिन यांची लस टोचली जात होती. लशीबद्दलही लोकांच्या मनात भीती होतीच. पण लस स्वतः घेऊन दाखवणे आणि घराचे दार तोडणे यातला फरक पुणेकरांना सांगावा लागत नव्हता.

एका बाटलीचे प्रकरण काय होते?

१८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाऊसमध्ये गेली. मागणी प्रचंड वाढली. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मलकोवाल गावात १०७ जणांना लस टोचण्यात आली. त्यातील १९ जण धनुर्वाताने मरण पावले. सगळ्यांना एकाच, ‘५३ एन’ क्रमांकाच्या बाटलीतील लस मिळाली होती. त्या दिवशीच्या उरलेल्या चार बाटल्यांची लस घेतलेले सुखरूप होते.

चौकशी आयोगाने दोष प्रयोगशाळेवर ठेवला. लस जलद बनवण्यासाठी हाफकिन यांनी कार्बोलिक ॲसिड वगळून केवळ उष्णतेवर भर दिला होता, हा मुख्य आक्षेप. त्यांना कामावरून दूर करण्यात आले. मात्र गावात बाटली उघडताना साहाय्यकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला, याकडे दुर्लक्ष झाले. धनुर्वाताचे जिवाणू मातीत असतात. बाटलीवर क्रमांक नसता तर १९ मृत्यू एका बाटलीपर्यंत नेता आले नसते आणि संशय त्या दिवशीच्या साऱ्या लशीवर राहिला असता, हेही लक्षात घ्यायला हवे.

पुढे काय झाले?

मलेरियाचे संशोधक रोनाल्ड रॉस यांच्यासह अनेक शास्त्रज्ञांनी १९०७ मध्ये लंडनच्या ‘टाइम्स’मधून हाफकिन यांची बाजू मांडली. नोव्हेंबरमध्ये त्यांच्यावरील ठपका दूर झाला. पाच वर्षे गेली होती. ते भारतात परतले, पण परळची प्रयोगशाळा त्यांना पुन्हा मिळाली नाही. नेमणूक कोलकात्यात झाली आणि तिथूनच ते निवृत्त झाले.

परळच्या प्रयोगशाळेला १९२५ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले, तेव्हा ते युरोपात होते. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले.