कवी वॉल्ट व्हिटमन

वॉल्ट व्हिटमन हे अमेरिकेतले थोर कवी. त्यांचा जन्म ३१ मे १८१९ रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या लाँग आयलंड बेटावर झाला. वडील सुतारकाम करत. घरात भावंडं पुष्कळ आणि पैशांची ओढाताण, म्हणून अकराव्या वर्षी त्यांची शाळा सुटली. म्हणजे माझ्याहून एकच वर्षाने मोठे! मग ते छापखान्यात खिळे जुळवायला शिकले. सतराव्या वर्षी तर ते खेड्यातल्या शाळेत मास्तर झाले.

त्या काळी कविता म्हटली की बहुतेक यमक असायचं आणि ओळी मापाच्या असायच्या. व्हिटमन यांनी ते सोडून दिलं. त्यांची एक ओळ लांबलचक तर दुसरी आखूड, समुद्राच्या लाटा येतात ना, तशा. याला मुक्तछंद म्हणतात, असं गुरुजींनी सांगितलं. त्यांच्या कवितेत गवताची काडी आहे, तारे आहेत, खलाशी, गाडीवान, नांगरणारा, पळून आलेला गुलामसुद्धा आहे. लोकशाहीत सगळे सारखे, मग कवितेत पण सगळे पाहिजेत, असं त्यांचं मत होतं. एका कवितेत सुतार फळी मापताना गातो. माझे वडीलपण सुतार आहेत. त्यांना मी हे सांगितलं तर रंधा थांबवून त्यांनी परत सांगायला लावलं.

१८५५ साली त्यांनी पदरच्या पैशांनी १२ कवितांचं पुस्तक काढलं. नाव ‘लीव्हज ऑफ ग्रास’, म्हणजे गवताची पाती. थोडे खिळे स्वतःच जुळवले. पहिल्या पानावर कवीचं नाव नाही. आत चित्र आहे, टोपी घातलेलं, गळ्याशी सदरा उघडा, कामावरच्या गड्यासारखं. पुस्तक फारसं खपलं नाही. काही लोकांनी नावं ठेवली. पण एमर्सन नावाच्या मोठ्या लेखकांनी पत्र पाठवून शाबासकी दिली.

१८६१ साली अमेरिकेत गुलामगिरीवरून उत्तर-दक्षिण लढाई जुंपली. १८६२ मध्ये त्यांचा भाऊ जखमी झाला. त्याला शोधायला ते गेले आणि मग वॉशिंग्टनच्या दवाखान्यांत जखमी शिपायांची सेवा करत राहिले. सुमारे ६०० वेळा गेले. शिपायांना संत्री द्यायचे, घरी पत्रं लिहून द्यायचे. उन्हाळ्यात एकदा सगळ्यांना आइस्क्रीमपण वाटलं! दोन्हीकडच्या शिपायांना त्यांनी सारखंच मानलं. आणि १८६५ साली त्यांची सरकारी नोकरी गेली. का, तर नव्या मंत्र्याला त्यांचं पुस्तक वाईट वाटलं. मला याचा फार राग आला. मित्रांनी दुसऱ्याच दिवशी त्यांना दुसऱ्या खात्यात नोकरी मिळवून दिली.

१८७३ साली त्यांना अर्धांगवायू झाला. तरी त्याच पुस्तकात ते भर घालत राहिले. १२ कवितांच्या जवळजवळ ४०० झाल्या. २६ मार्च १८९२ रोजी कॅम्डन गावी ते वारले.