समजून घ्या : शंकराचे दहा हात आणि ३६ लाख मूर्ती, भास्कराचार्यांची मोजणी

त्र्यंबकेश्वरच्या गाभाऱ्यात ब्रह्मा, विष्णू आणि महेश यांची तीन लहान लिंगे एकाच खळग्यात आहेत. या तीन नावांच्या चिठ्ठ्या डब्यात टाकून एकेक काढल्या, तर किती क्रम लागतील? पहिल्या वेळी ३ पर्याय, मग २, शेवटी १. म्हणजे ३ × २ × १ = ६. त्यांपैकी २ क्रमांत महेश पहिला येतो. म्हणून त्याची संभाव्यता ६ पैकी २, म्हणजे एक तृतीयांश.

दहावीच्या ‘संभाव्यता’ धड्यात मुले बहुतेक भागाकारात नव्हे, मोजणीत चुकतात. ही मोजणी सुमारे पावणेनऊशे वर्षांपूर्वी सह्याद्रीच्या आश्रयाने राहणाऱ्या भास्कराचार्यांनी सूत्रांत बसवली होती.

त्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इ.स. १११४ चा. वडील महेश्वर ज्योतिषी होते आणि तेच गुरूही. वयाच्या ३६ व्या वर्षी भास्कराचार्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ पूर्ण केला. त्यातल्या अंकगणिताच्या भागाचे नाव ‘लीलावती’. लीलावती ही त्यांची मुलगी आणि तिचा विवाहमुहूर्त हुकला, ही कथा घरोघरी माहीत आहे. तिला समकालीन पुरावा मात्र नाही.

याच ग्रंथाच्या शेवटी ‘अंकपाश’ हे प्रकरण येते. त्यातले एक उदाहरण शंकराचे आहे. दहा हात, दहा वस्तू : पाश, अंकुश, साप, डमरू, त्रिशूळ वगैरे. हातांतल्या वस्तू अदलाबदल केल्या तर किती वेगळ्या मूर्ती होतील? उत्तर ३६,२८,८००. दर सेकंदाला एक मूर्ती पाहिली, तरी अहोरात्र बरोबर ४२ दिवस लागतील! विष्णूचे काम सोपे : चार हात, २४ मूर्ती.

खरी गंमत पुढच्या उदाहरणात आहे. २, २, १, १ या अंकांपासून किती संख्या बनतात? घाईत २४ म्हटले जाते. पण सारख्या अंकांची अदलाबदल केल्याने नवी संख्या होत नाही. म्हणून २४ ला दोनदा २ ने भागायचे, उरतात ६. आता २ ऐवजी छापा आणि १ ऐवजी काटा घ्या. चार नाणी फेकल्यावर १६ निष्पत्ती मिळतात. त्यांपैकी नेमके दोन छापे ६ वेळा येतात. संभाव्यता तीन अष्टमांश.

मात्र भास्कराचार्यांनी संभाव्यतेचा शोध लावला, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. ते मोजणीपाशी थांबले. मोजणीचे नियमही काही अंशी जुनेच. नवव्या शतकातल्या महावीराचार्यांकडेही ते सापडतात. जुगाराच्या डावावरून पास्कल आणि फर्मा यांचा पत्रव्यवहार झाला तो १६५४ मध्ये, आणि संभाव्यतेचे शास्त्र तिथून उभे राहिले. भास्कराचार्यांची उदाहरणे फाशांची नव्हेत; ती मूर्तींची, छंदांची आणि सहा रसांच्या मिश्रणांची आहेत.

वयाच्या ६९ व्या वर्षी, ११८३ मध्ये, त्यांनी ‘करणकुतूहल’ लिहिला. पुढे नातू चांगदेवाने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी चाळीसगावजवळच्या पाटण येथे मठ काढला. १२०७ च्या सुमाराचा तिथला शिलालेख संस्कृतात आहे. मठाचा खर्च बाजारातल्या कोणत्या करांतून चालायचा, ते सांगणाऱ्या शेवटच्या ओळी मात्र जुन्या मराठीत कोरलेल्या आहेत.