जगाची भूक मिटवायला निघालेला शास्त्रज्ञ तुरुंगात उपासमारीने गेला

१९२७ साली एक रशियन माणूस खेचरांचा तांडा घेऊन इथिओपियाच्या डोंगराळ भागात फिरत होता. शेत दिसलं की थांबायचं, कणसं घ्यायची, बियाणं पिशवीत भरायचं, एवढंच काम.

हा माणूस म्हणजे निकोलाय वाविलोव्ह.

जन्म १८८७ चा, मॉस्कोतला. रशियाला दुष्काळ नवीन नव्हता. वाविलोव्ह यांचं म्हणणं साधं होतं. सगळ्यांनी एकच वाण पेरलं आणि त्यावर रोग पडला, तर सगळंच जाणार. म्हणून जमेल तितकी वेगवेगळी वाणं जपायला हवीत.

पण वेगळं वाण ओळखायचं कसं?

नुसतं दिसण्यावरून कळत नाही. त्यामुळे वाविलोव्ह आधी पान, कणीस, दाण्याचा आकार आणि रंग बघायचे. मग तांबेऱ्यापुढे कोणतं रोप टिकतं, कोणतं लवकर पिकतं, कोणतं थंडी सोसतं, याची नोंद व्हायची. तेच बियाणं देशातल्या वेगवेगळ्या हवामानात पेरूनही बघितलं जायचं.

यातून त्यांनी एक सूत्र मांडलं. ज्या भागात एखाद्या पिकाचे सर्वाधिक प्रकार सापडतात, तिथेच बहुतेक त्याचं मूळ असतं. अशा भागांच्या यादीत इथिओपिया होता आणि तिथल्या पिकांमध्ये कॉफीही होती.

पुढे डीएनए तपासणी आली. अरेबिका कॉफीची सर्वाधिक विविधता इथिओपियातच आहे, हे त्यातूनही दिसलं. जगभरातल्या मळ्यांमधली अरेबिका मात्र मोजक्याच झाडांची वंशज आहे. त्यामुळे नव्या रोगांशी लढायचं तर आजही इथिओपियाच्या जंगलाकडे बघावं लागतं.

मायदेशात मात्र वाविलोव्ह यांचे दिवस फिरले. जनुकं वगैरे सगळं थोतांड आहे म्हणणाऱ्या लायसेन्कोवर स्टॅलिनची मर्जी बसली. १९४० मध्ये वाविलोव्ह यांना अटक झाली. फाशीची शिक्षा पुढे २० वर्षांच्या कैदेत बदलली, पण २६ जानेवारी १९४३ रोजी सारातोव्हच्या तुरुंगात उपासमारीने खंगून त्यांचा मृत्यू झाला. याच शहरात ते कधीकाळी प्राध्यापक होते.

त्याच काळात जर्मन सैन्याने लेनिनग्राडला वेढा घातला होता. वाविलोव्ह यांच्या संस्थेत तांदूळ, गहू, शेंगदाण्याचे साठे होते. सांभाळणारे सहकारी भुकेने एकेक करून गेले, पण बियाण्याला त्यांनी हात लावला नाही.

१९५५ मध्ये सरकारने वाविलोव्ह यांना निर्दोष ठरवलं. त्यांची संस्था आजही सेंट पीटर्सबर्गमध्ये त्यांच्याच नावाने सुरू आहे.